निळी रेघ

मी माउंट टेबर चर्चची खजिनदार.
एकतीस वर्षं ट्रकच्या कारखान्यात पगारपत्रकं केली,
म्हणून आधी आकडे बोलते, आमेन मागाहून.

जानेवारीचं पाण्याचं बिल : चारशे बारा डॉलर.
मागच्या जानेवारीत : अडुसष्ट.
डीकन थॅडियस म्हणाले, कुठंतरी गळत असेल.
म्हटलं, गळत नाही,
आपण देतोय.

ऑबर्न रस्त्यावर सतरा घरांपुढे
फूटपाथवर निळ्या रंगाची रेघ आहे.
पालिकेचा माणूस येतो, बर्फ बाजूला करतो, झाकण उघडतो,
लांब दांड्याची किल्ली एकदाच फिरवतो
आणि खूण राहावी म्हणून
डब्यातून फवारा मारून जातो.
त्या वेळी घरातलं कुणी बाहेर येत नाही.
सरोवर इथून चार मैलांवर.
वारा तिकडून सुटला की पाण्याचा वास
कोरड्या नळांच्या स्वयंपाकघरांतही शिरतो.

चर्चच्या तळघराला कुलूप असायचं.
ऑक्टोबरात सिस्टर ओडेसानं ते काढलं.
ठराव नाही, सूचक नाही, अनुमोदक नाही.
कुलूप अजून तिच्या पर्समध्ये आहे,
पेपरमिंटच्या गोळ्यांशेजारी.

रात्रपाळीची नर्स येते, दुधाचे रिकामे कॅन घेऊन.
टेवान नावाचा पोरगा घसरगाडीवर दोन बादल्या बांधून आणतो,
घरी पोचेतो निम्मं पाणी सांडतं,
मग परत येतो.
म्हातारा पर्नेल दारातच थांबला होता :
"मी देवबिव मानत नाही, आधीच सांगतो."
ओडेसा म्हणाली, "बादली आणलीस ना? मग पुढे हो."

बैठकीत थॅडियसनी छपराचा खर्च काढला,
ऑर्गनची दुरुस्ती काढली.
ते काही वाईट गृहस्थ नाहीत.
खरं सांगते, मीही कुलुपाच्याच बाजूची होते.
आमची पाळक, रेव्हरंड जुनिया, वयानं माझ्या नातीएवढी,
तिनं प्रवचन दिलं नाही. एवढंच म्हणाली,
"तहानेचा तो उतारा आपण दर वर्षी वाचतो.
प्यायला दिलंत का, असं त्यात आहे.
बिल कुणी भरलं, ते नाही."

मला माझी आई आठवली.
जॉर्जियात कचेरीच्या व्हरांड्यात दोन नळ होते,
आणि कुठल्या नळाशी वाकायचं ते पाटीवर लिहिलेलं.
आई सांगायची, भिंतीमागून जाऊन पाहिलं मी,
पाइप एकच होता.
मी हात वर केला.
ज्या हातानं हिशेब लिहिते, तोच.

पण बादल्या भरून किती दिवस?
मार्चमध्ये आम्ही पालिकेच्या सभेला गेलो, बावीसजण,
रविवारच्या टोप्या घालून.
बोलायला तीन मिनिटं मिळतात. मी प्रार्थना केली नाही,
थकबाकीची यादी वाचली :
ऑबर्न रस्ता, सतरा घरं मिळून, नऊ हजार.
गोल्फ क्लब, एकटा, दोन लाख.
त्याच्या हिरवळीपुढे रेघ कुठाय, विचारलं.
घंटी वाजली. आभारी आहोत, म्हणाले.

मग आम्हीही बिल रोखून धरलं.
सतरा नळ सुरू करा, त्याच दिवशी चेक देतो, असं पत्र गेलं.
उत्तर पुनरुत्थानाच्या आदल्या संध्याकाळी आलं :
चर्चच्या दारापुढे, निळं, ओलं.

सकाळी तीन मुलांचा बाप्तिस्मा होता.
हौद कोरडा. टेवान पांढऱ्या झग्यात,
हौदाच्या तळाशी उभा राहून विचारतोय, आता?
कुणाला काही सुचेना.

तेवढ्यात ओडेसा आली, उशिरा, नेहमीसारखी,
नव्या पांढऱ्या बुटांनी थेट रेघेवरून.
थंडीत रंग वाळलाच नव्हता.
मधल्या लाल कार्पेटवर दारापासून वेदीपर्यंत
तिची निळी पावलं उमटली,
एक जरा तिरकं, गुडघ्यामुळं.

थॅडियस पुसायला फडकं घेऊन धावले
आणि वाटेतच थांबले.
भिजवणार कशात?

कार्पेट धुण्याचा खर्च
मी यंदाच्या अंदाजपत्रकात धरलेला नाही.